बुजवलेली काजं

रफूच्या धंद्यात नाव कमवायचं तर आपलं काम कोणाला दिसता कामा नये. शिंप्याने शिवलेला कोट लोक मिरवतात, कोणाकडून शिवला म्हणून चौकशी करतात. रफू चांगलं झालं की कोणी काही विचारत नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलेलंच नसतं. या गोष्टीतली बाई हेच काम करायची, आणि इतकं चांगलं करायची की दुकानात तिचं खरं नाव कोणाला चटकन आठवत नसे. सगळे तिला रफूवाली म्हणत.

कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे उपसायचे, सुईत ओवायचे आणि भोकावर एक वर एक खाली असे विणत जायचं. विणकराने मागावर जे केलं तेच पुन्हा, पण डोळ्याला ताण देऊन आणि मान मोडून. काम झालं की दुकानाचे मालक तो कपडा उजेडाकडे धरून भोक शोधायचे. सापडलं नाही की जरा नाराजीनेच म्हणायचे, "ठीक आहे." त्यांच्याकडे याहून मोठी शाबासकी नव्हती. त्यांच्या बायकोलाही लग्नापासून एवढीच मिळाली होती, असं बायकोच सांगायची.

रफूवालीला मुलगा झाला तेव्हाही सगळं ठीक होतं. बाळ ठीक, बाळंतीण ठीक, आणि दूध तर ठीकच्या बरंच पुढचं.

दुधाचं सर्वांत जास्त कौतुक सासूबाईंना होतं. त्यांनी स्वतः तीन मुलं अंगावर पाजून वाढवली होती. बाटली हा शब्द त्या अशा सुरात उच्चारायच्या, की आत दूध आहे हे ऐकणाऱ्याला खरं वाटू नये. सुनेला भरपूर दूध आहे ही बातमी त्यांनी जिन्यात भेटेल त्याला दिली. नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरलाही दिली. त्या बिचाऱ्याने फक्त उभं राहायला स्टूल मागितलं होतं.

नणंद शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे कौतुकाला शास्त्राचा आधारही मिळाला. पाजणाऱ्या आईच्या शरीरात काहीतरी रसायन तयार होतं आणि तिला बाळंतपणानंतरची उदासी येत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं.

"वहिनी, तू नशीबवान आहेस," ती म्हणाली. "निसर्गानेच तुझी सोय करून ठेवलीय."

रफूवालीने मान हलवली. निसर्गाने सोय केली असेलही, पण ती नेमकी कुठे ठेवली आहे ते तिला सापडत नव्हतं.

ती रडत नव्हती. रडली असती तर कोणाच्या तरी ध्यानात आलं असतं. पोराने तोंड वासलं की ती त्याला छातीशी धरायची, दूध यायचं, पोर प्यायचं, झोपायचं. पान्हा मायेने फुटतो असं लोक म्हणतात. तिला तो खालच्या मजल्यावरचं मांजर ओरडलं तरी फुटायचा. दुधाला तिच्या मनाची गरज नव्हती. नळाला भिंत लागते, तेवढीच त्याला ती लागत होती. पोराचा चेहरा ती नीट बघायची. दुकानात आलेला कपडा बघतात तसा, काही बिघाड नाही ना, एवढ्यापुरता. बिघाड काही नसायचा. मग बघायचं काय उरतं, हे तिला कळत नसे.

"त्याच्याशी बोलत जा गं," नणंद म्हणायची. "आवाजाने मेंदू वाढतो."

"काय बोलू?"

"काहीही बोल. मनात येईल ते."

मनात काही येत नव्हतं.

घरात झोपेचा विचार मात्र व्यवस्थित झालेला होता. नवरा शहरातली बस चालवायचा, पाळी पहाटेची. त्याच्या मागे बसभर माणसं बसणार, तेव्हा त्याची झोप मोडून चालणार नाही, हे सुरुवातीला तिनेच ठरवलं आणि तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. सासूबाईंना ब्लड प्रेशर, त्यांचीही झोप महत्त्वाची. पोराची झोप तर काय, तिच्यासाठी सगळं घर टाचा उचलून चालायचं. नवरा पोराला साहेब म्हणायचा आणि घरी आला की आधी दबक्या आवाजात विचारायचा, "साहेब विश्रांती घेतायत का?" राहिली ती बाळंतीण. तिच्यासाठी सगळ्यांकडे मिळून एकच सल्ला होता: बाळ झोपलं की तूही झोप.

तिने तो पाळला. बाळ झोपलं की ती आडवी व्हायची, डोळे मिटायची आणि सिग्नलला थांबलेल्या बससारखी पडून राहायची, इंजिन चालूच. डोळे जळायचे, हातपाय शिशाचे व्हायचे, पण डोळ्याला डोळा लागत नसे. मग पोर उठायचं आणि ती सुटल्यासारखी उठून बसायची. रात्री हेच, दुपारीही हेच. दोन पाजण्यांच्या मध्ये जे काही पडायचं त्याला झोप म्हणायची पद्धत होती, म्हणून तीही म्हणायची.

शेवटी नुसतं पडून राहण्यापेक्षा काम बरं म्हणून तिने दुकानाला निरोप धाडला. मालकांनी एका पिशवीत घालून दोन-चार कपडे नवऱ्याबरोबर पाठवले. पोर झोपलं की ती खिडकीशी बसून सुई चालवायची.

"हिला कामाची हौस दांडगी," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या. "दूध भरपूर, वर काम. आणि तोंडातून एक शब्द म्हणून तक्रारीचा नाही."

हे शेवटचं खरंच होतं.

एके दिवशी दुपारी दुकानाचे मालक स्वतः जिना चढून वर आले. ते जिने चढत नसत. गिऱ्हाइकाचा कपडा जळाला तरी गिऱ्हाइकालाच खाली बोलवायचे. सासूबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि चहा टाकायला गेल्या. मालक बराच वेळ नुसते धापा टाकत राहिले. मग त्यांनी पिशवीतून एक काळा कोट काढून रफूवालीच्या मांडीवर ठेवला.

"ओळखलास?"

तिने ओळखला. वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा तो कोट होता. तिने काम करून दिला होता.

"कोपरावर कसर लागली होती," मालक म्हणाले. "कोपराला रफू करायचं होतं. बघ जरा कोपर."

तिने बाही फिरवली. कोपरावरचं भोक जागेवर होतं, कसरीने सोडलं होतं तसंच.

"आता बटणं लाव."

तिने वरचं बटण चिमटीत धरलं आणि दुसऱ्या हाताने काज शोधलं. काज नव्हतं. खालच्या बटणालाही नव्हतं. त्याच्या खालच्यांनाही नव्हतं. जिथे काजं असायला हवी होती तिथे सलग काळं कापड होतं, मागावरून आत्ताच उतरल्यासारखं.

काज बुजवायचं म्हणजे आधी त्याच्या कडेचा भरीव टाका उसवावा लागतो, कापलेल्या कडा मोकळ्या कराव्या लागतात, मग धागे उपसून विणावं लागतं. घाईगडबडीत हात चुकला म्हणावं तर तसं ते नव्हतं. हे मन लावून केलेलं काम होतं. फक्त मन कोणाचं लागलं होतं, ते सांगता येत नव्हतं.

"कार्यक्रमाच्या आधी आरशासमोर उभे राहिले आणि बटण काही लागेना," मालक सांगू लागले. "त्यांना वाटलं, आपली बोटं गेली. व्हायोलिनवाला माणूस, वय झालेलं. घाम फुटला त्यांना. त्या दिवशी कोट उघडा टाकून वाजवलं म्हणे, आणि वाजवताना सगळं लक्ष बोटांकडे. आज दुकानात आले. मी म्हटलं, तुमची बोटं ठणठणीत आहेत, कोटाला काजंच नाहीत. तर मला मिठी मारायला निघाले." मालकांनी तो प्रसंग आठवून तोंड वाकडं केलं. "म्हणाले, बाईंना सांगा, काम फार सुंदर आहे. जागा तेवढी चुकलीय."

रफूवाली कोटाकडे बघत राहिली.

"मी भिंग लावून पाहिलं," मालक म्हणाले. "काज कुठे होतं ते मलाही सापडलं नाही. इतकं बारीक काम तू याआधी कधी केलेलं नाहीस. आता ठीक आहे म्हणायचं की काय म्हणायचं, मला कळेना. म्हणून आलो."

"मला आठवत नाही, काका."

"काय आठवत नाही?"

"हे केल्याचं."

सासूबाई चहा घेऊन आल्या. मालकांनी कप हातात घेतला आणि विचारलं, "झोप वगैरे घेते ना ही?"

"घेते तर," सासूबाई म्हणाल्या. "बाळ झोपलं की झोपते."

मालकांनी चहा संपवला, कोट तिथेच ठेवला आणि उठले. "घाई नाही. त्यांच्याकडे दुसरा कोट आहे. जरा घट्ट होतो म्हणाले, पण म्हाताऱ्या माणसाने चार घास कमी खाल्लेले बरे."

ते गेल्यावर रफूवालीने आपले हात पाहिले. नेहमीचेच हात होते, बोटांच्या टोकांना सुईचे बारीक घट्टे पडलेले. या हातांनी तिला न विचारता चार काजं उसवली होती आणि बुजवली होती. आता याच हातांनी संध्याकाळी पोराला आंघोळ घालायची होती.

तिला भीती वाटली असं म्हणणं बरोबर होणार नाही. भीतीची फक्त जागा दिसली; खोलीतून कपाट हलवलं की भिंतीवर त्याची खूण दिसते तशी. तिने कात्री उचलली आणि कपाटावर मागे, हात पोचणार नाही अशी सरकवून दिली. सुयांची डबी आणि तो कोटही वर गेले. त्या दिवसापासून आंघोळ सासूबाईंच्या हाती आली.

"तुमच्या हाताला सवय आहे," ती म्हणाली, आणि सासूबाई खूश झाल्या.

पोराला घेऊन जिना उतरणं तिने बंद केलं. पाजताना खुर्चीवर न बसता ती जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसायला लागली. तिथून खाली पडायला जागा नव्हती. पोर पीत असताना ती हातांवर नजर ठेवायची, पाहुण्याच्या खोडकर पोरावर ठेवतात तशी, काही न बोलता. आता तर डोळे मिटायचीही सोय राहिली नाही. आणि सांगायचं कोणाला? हातांचा भरवसा वाटत नाही असं आईने म्हटलं की लोक त्या हातांतून मूल काढून घेतात, असा तिचा सरळ हिशोब होता. मूल काढून घेतलं तर वाईट वाटेल का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. ते न येणंच तिला सगळ्यात जास्त टोचलं, म्हणजे जेवढं काही टोचू शकत होतं तेवढं.

पुढच्या आठवड्यात पोराचं वजन करायला दवाखान्यात जायचं होतं. पोर सासूबाईंच्या हातात. ठेंगणी, जाड काचांच्या चष्म्याची नर्स होती. तिने पोराला काट्यावर ठेवलं, आकडा पाहिला आणि म्हणाली, "गडी कमवतोय चांगला."

"सगळं अंगावरचं," सासूबाई म्हणाल्या. "वरचा थेंब नाही."

"दिसतंय." नर्सने रफूवालीकडे पाहिलं आणि जरा वेळ पाहतच राहिली. मग सासूबाईंना म्हणाली, "आजी, याला इथे उकडतंय. बाहेर बाकावर वारा आहे, बसता का जरा घेऊन?"

सासूबाई गेल्या. नर्सने दार लोटलं.

"बाळ झोपलेलं असतं तेव्हा तुम्हाला झोप लागते का?"

रफूवाली उत्तर द्यायला तयारच होती. पण तिच्या ध्यानात आलं की हा नेहमीचा प्रश्न नाही. झोपता का, असं सगळे विचारायचे, आणि ती झोपायची, म्हणजे आडवी व्हायची. लागते का, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"दुसऱ्या कोणी सांभाळलं, घर शांत असलं, तरी?"

"तरी नाही."

"जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं? स्वतःच्या, बाळाच्या?"

"करावं असं काहीच मनात येत नाही," रफूवाली म्हणाली. थोडं थांबून तिने जोडलं, "पण हात." मग तिने कोटाची गोष्ट सांगितली. काजं, कोपर, व्हायोलिनवाल्याची बोटं, सगळं. सांगताना तिचा आवाज एकसारखा सपाट होता, जणू दुकानातल्या दुसऱ्या कोणा बाईची हकीकत सांगतेय.

नर्स हसली नाही, घाबरलीही नाही. "कोट कसा झालाय?" तिने विचारलं.

"मालक म्हणाले, इतकं बारीक कधी केलं नव्हतंस."

"हं. म्हणजे झोपेत काम करत होता तुम्ही. उभ्या-बसल्या, डोळे उघडे ठेवून." ती खुर्ची पुढे ओढून बसली. "हे बघा, पोर कोणी काढून घेत नाही. आजारी आहात, एवढंच आहे, आणि यावर औषध आहे. डॉक्टरांना आत्ताच भेटायचं, घरी जाऊन विचार करून नाही."

"पण दूध आहे ना मला," रफूवाली म्हणाली. "नणंद म्हणते, दूध असलं की उदासी येत नाही."

"किती सोपं झालं असतं. काहींना पाजताना बरं वाटतं, खरं आहे. काहींना पाजायला जमत नाही म्हणून उदास वाटतं. आणि काहींना धो-धो दूध येतं आणि आत सगळं कोरडं असतं. दुधावरून आईच्या मनाचं काही सांगता येत नाही. झोप मात्र सगळ्यांना लागते. तुकड्या-तुकड्यांची नाही, सलग."

डॉक्टरांनी पाजताना चालणारी गोळी दिली, ती लागू पडायला वेळ लागेल हे सांगितलं, आणि दर आठवड्याला यायचं ठरवून दिलं. गोळीइतकीच महत्त्वाची म्हणून एक गोष्ट बजावली. संध्याकाळी बाळाला पाजायचं, जास्तीचं दूध काढून ठेवायचं आणि आईने दार लावून झोपायचं. रात्री बाळ उठलं तर घरातल्या दुसऱ्या कोणी काढलेलं दूध बाटलीने द्यायचं. कमी पडलं तर वरचं दूध.

बाटली हा शब्द त्या संध्याकाळी घरात मोठ्याने उच्चारला गेला. नणंद आली होती, नवराही घरी होता.

"बाटली," सासूबाई म्हणाल्या. "या घरात."

"आई, आत दूध तिचंच आहे," नवरा म्हणाला.

"तू बस चालव."

"रात्री मी देईन ना. पाळी बदलून घेतो."

"आणि बसमधली माणसं?"

"माणसांना दुपारीही कुठेतरी जायचंच असतं, आई."

नणंदेने जे वाचलं होतं त्याच्या पुढचं पान आज तिला वाचावं लागलं होतं, आणि ते तिला फारसं आवडलं नव्हतं. शेवटी ती रफूवालीला म्हणाली, "वहिनी, तू सांगायचंस तरी."

"काय सांगणार? दुखत काहीच नव्हतं."

सासूबाई हे ऐकून थांबल्या. हातातलं फडकं त्यांनी घडी घालून ठेवलं, उघडलं, पुन्हा घडी घातली.

"मधलीच्या वेळेचं मला काही आठवत नाही," त्या म्हणाल्या.

मधली म्हणजे नणंद. ती म्हणाली, "म्हणजे माझ्या?"

"तुझ्याच. थोरल्याचं सगळं आठवतं. धाकट्याचंही, पहिला दात कुठला आला इथपर्यंत. तू रांगायला लागलीस तिथपासून आठवतं. त्याआधी नुसती भिंत." त्या जरा विचार करून म्हणाल्या, "पाजलं असणार. सगळे म्हणायचे, दूध भरपूर आहे."

नणंद आईकडे बघत राहिली. जरा वेळाने सासूबाई उठल्या. "उकळायची असते ना ती? बाटली?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मोठं पातेलं काढलं.

पहिल्या दिवशी रफूवाली दाराआड पडून राहिली आणि बाहेरचा प्रत्येक आवाज ऐकत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एकदा संध्याकाळी ती आडवी झाली आणि पाण्यात दगड जावा तशी गेली. जागी झाली तेव्हा खिडकीत उजेड होता, कपडे दुधाने भिजलेले होते आणि बाहेर नवरा पोराला सांगत होता, "साहेब, आपण दोघं आता आईला उठवायचं नाही. कामगार कायदा आहे."

तिला काही वाटलं असेल तर एवढंच, की आपण झोपलो होतो.

सगळं लगेच पालटलं, असं काही झालं नाही. बरेच दिवस पोर तसंच पोर होतं आणि भिंत भिंतच होती. सर्वांत आधी परत आला तो राग. सासूबाई बाटली देताना एकच ओळ बेसूर गुणगुणायच्या आणि तिच्या पुढची ओळ कधीच घ्यायच्या नाहीत. एक दिवस रफूवालीच्या अंगाचा त्याने तिळपापड झाला. दवाखान्यात तिने ते अपराध्यासारखं सांगितलं, की मला सासूबाईंच्या गुणगुणण्याचा संताप येतो. डॉक्टर म्हणाले, "उत्तम." असे डॉक्टर तिने पाहिले नव्हते.

एका सकाळी तिने कपाटावरचा कोट आणि सुयांची डबी खाली काढली. कोपराचं भोक आधी पाहिलं, मग पुढची कड. काजं शोधायला ती अर्धा तास खपली. स्वतःच बुजवलेलं स्वतःला सापडेना, आणि याचा तिला आधी राग आला, मग किंचित अभिमान वाटला. शेवटी बटणांच्या समोर अंगठा फिरवत गेली तेव्हा एका जागी कापड कणभर दाट लागलं. ती जागा तिने खडूने आखली.

"आई," तिने हाक मारली, "कपाटावरची कात्री देता का?"

पोर शेजारीच सतरंजीवर पडून स्वतःच्या पायाशी झटत होतं. सासूबाई स्टूलवर चढल्या, मागपर्यंत हात घातला. "एवढी आत कशाला ठेवलीस?"

"हाताला लागू नये म्हणून."

"कोणाच्या?"

"माझ्या."

सासूबाई कात्री हातात घेऊन स्टूलवर तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं. मग खाली उतरल्या, कात्री मुठीकडून पुढे केली आणि पोराला न उचलता स्वयंपाकघरात निघून गेल्या. आत भांडी वाजायला लागली, जरा जास्तच मोठ्याने.

रफूवालीने टोक कापडात घातलं आणि खूण सोडून एक धागाही इकडेतिकडे न जाऊ देता कापलं. कडा भरल्या. बटण घालून पाहिलं, लागलं. मग दुसरं काज, मग तिसरं. हात काय करतायत ते तिला कळत होतं.

पोर कुरकुरायला लागलं. तिच्या छातीत दूध दाटलं. तिने सुई मध्येच थांबवली नाही.

"थांबा साहेब," ती म्हणाली. "एक काज राहिलंय."

साहेब अर्थातच थांबले नाहीत. त्यांनी भोकाड पसरलं. ती टाक्यामागून टाका घालत राहिली आणि त्याला सांगत राहिली, की हे गृहस्थ व्हायोलिन वाजवतात, त्यांची बोटं शाबूत आहेत, कोपर अजून बाकी आहे, ते दुपारी करू.